माइल्स लेकीचे, गुडघा ह्यांचा: लंडनहून येताना बिझनेस क्लास जमेल का?

विश्रामबागकर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट माहिती दिली की उत्तरंही अर्धवट येतात, म्हणून सगळं लिहिते.

आम्ही सांगलीचे. मी बँकेतून चार वर्षांपूर्वी रिटायर झाले, ह्यांची मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. लेक-जावई इंग्लंडात रीडिंगला असतात, हीथ्रोपासून तासाभराच्या आत. ह्यांच्या डाव्या गुडघ्याची वाटी गेल्या वर्षी मिरजेत बदलली. चालणं आता उत्तम. सकाळी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतात, मध्ये कुठं टेकत नाहीत. पण पाय दुमडून तासाभराच्या वर बसले की गुडघा गरम होतो आणि सुजतो.

मागच्या वेळी गेलो तेव्हा ऑपरेशन व्हायचं होतं. येताना हे निम्मी रात्र विमानाच्या मागच्या बाजूला, संडासाच्या दाराशी उभे होते. जो आत जाईल त्याला वाटायचं हे रांगेत आहेत. एक बाई तर ‘आफ्टर यू’ म्हणून थांबली, तर हे गेले बिचारे आत, नको असताना.

आता जूनमध्ये जायचं आणि सप्टेंबरमध्ये यायचं ठरतंय. लेक ऑफिसच्या कामाने सारखी फिरते, शिवाय कार्डावरचे पॉइंट जमतात, तिच्या ब्रिटिश एअरवेजच्या खात्यात १,१२,००० एव्हिऑस (त्या कंपनीचे माइल्स) साठलेत. ती म्हणते, आई, या वेळी बिझनेसने या. तिने साइटवर बघितलं तर एवढ्यात एक तर आम्हा दोघांना एका बाजूने वर बसता येईल, नाही तर एकट्या ह्यांना दोन्ही बाजूंनी.

इथल्या एका एजंटाकडे गेले होते. तो म्हणाला, साधी स्वस्तातली तिकिटं काढून ठेवा काकू, माइल्स आहेत ना, एअरपोर्टवर काउंटरला होऊन जातं. शेजारच्या वहिनी म्हणतात, माइल्स तीन वर्षांत उडतात, लगेच वापरा. आणि आमचे हे म्हणतात, जे हातात दिसत नाही त्याचा सौदा करू नये.

तर माझे प्रश्न: काउंटरवर खरंच होतं का? माइल्स उडतात का? आणि दोघांनी एका बाजूने यावं की ह्यांनी एकट्याने दोन्ही वेळा? मला इकॉनॉमीचा काही त्रास नाही, मी कुठेही झोपते.

साताऱ्याचा_मशिनवाला

ताई, एजंटाचं ऐकून तिकिटं काढली नसतील तर देव पावला. काढली असतील तर पुढचं वाचू नका, उगाच बीपी वाढेल.

माझा साताऱ्याच्या एमआयडीसीत जॉबवर्कचा धंदा आहे. गिऱ्हाईक जर्मनीत, त्यामुळे पंधरा-सोळा वर्षं फ्रँकफर्टच्या वाऱ्या चालू आहेत आणि माइल्सच्या बाबतीत जेवढ्या ठेचा लागायच्या तेवढ्या लागून झाल्यात.

सगळ्यात मोठी ठेच अशी, की तिकिटाला अपग्रेड, म्हणजे वरचा वर्ग, मिळू शकतो की नाही हे काउंटरवर ठरत नसतं, तिकीट काढतानाच ठरलेलं असतं. इकॉनॉमी नुसती म्हणायला एक. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांची तिकिटं वेगळ्या जातीची असतात. तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, बुकिंग क्लास म्हणतात त्याला. सगळ्यात स्वस्त जातीच्या तिकिटाला बऱ्याच कंपन्या माइल्सचा हातच लावू देत नाहीत. तुमच्या कंपनीत त्या जातीचं नाव ‘बेसिक’. ते एकदा काढलं की लेकीच्या खात्यात दहा लाख असले तरी उपयोग शून्य.

दुसरी गोष्ट, ही तुमच्या एजंटाला माहीत असण्याची शक्यता कमीच. ब्रिटिश एअरवेजमध्ये एव्हिऑसने एकच पायरी चढता येते. त्यांची साधी इकॉनॉमी म्हणजे वर्ल्ड ट्रॅव्हलर. त्याच्या वर प्रीमियम इकॉनॉमी, तिला वर्ल्ड ट्रॅव्हलर प्लस म्हणतात. त्याच्या वर बिझनेस, म्हणजे क्लब वर्ल्ड. लंडन-मुंबईच्या विमानात मधली पायरी असते, म्हणजे साध्या इकॉनॉमीवरून चढलात तर प्रीमियमपर्यंतच. बिझनेसला पोचायचं तर प्रीमियमचं तिकीट रोख पैशाने काढायचं आणि वरची एक पायरी एव्हिऑसने चढायची.

आता म्हणाल, मग महागच पडलं की. पडतं. पण दोन्ही बाजूंनी प्रीमियम घ्यायची गरज नाही. जाताना साधी, येताना प्रीमियम असं मिसळून एकाच बुकिंगमध्ये तिकीट निघतं. आणि इथंच एक गंमत आहे, लेकीला नीट समजावून सांगा.

लंडनहून निघणाऱ्या प्रवाशाला तिथलं सरकार एअर पॅसेंजर ड्यूटी लावतं. लंडनला उतरणाऱ्याला नाही, निघणाऱ्याला. भारताएवढ्या अंतराला १ एप्रिल २०२६ पासून सगळ्यात खालच्या वर्गाला १०२ पौंड आणि त्याच्या वरच्या वर्गांना २४४ पौंड. आता बघा. साध्या इकॉनॉमीवरून एव्हिऑसने प्रीमियमला चढलात की माणशी १४२ पौंडांचा जादा कर तिथल्या तिथं भरावा लागतो. लोक बोंबलतात, ‘फुकटच्या माइल्सवर कसला कर?’ पण प्रीमियम इकॉनॉमी आधीपासूनच २४४ च्या खान्यात आहे. म्हणजे प्रीमियमवरून बिझनेसला चढताना त्या कराचा एक पौंडही वाढत नाही. तुमचे एव्हिऑस त्या पायरीला वापरले तर त्यांचं खरं मोल होतं.

माइल्स उडण्याबद्दल: वहिनींचं दुसऱ्या कंपन्यांच्या बाबतीत खरं आहे. एव्हिऑसचं गणित वेगळं. ३६ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तरच जातात. एक एव्हिऑस जमा झाला किंवा खर्च झाला तरी घड्याळ पुन्हा शून्यावर. लेक दर महिन्याला कार्ड घासते म्हणता, मग निवांत राहा.

आता तुमचा तिसरा प्रश्न, एकट्यांना की दोघांना. हे सांगण्यासाठीच खरं तर लिहायला बसलो.

२०१८ साली आईला धाकट्या भावाकडून परत आणत होतो, फ्रँकफर्टहून मुंबईला. आई तेव्हा ७४ ची. दोघांच्या अपग्रेडची मागणी माइल्सवर टाकलेली, पण वेटिंगवर. गेटवर उभे असताना नाव पुकारलं, सीट एकच निघाली होती. आईला म्हटलं, तू जा पुढं. मोठा तीर मारल्यासारखं वाटलं. मी मागं, एक्केचाळीस नंबरच्या रांगेत, मधल्या सीटवर, दोन्हीकडं दोन पैलवान.

तीनेक तासांनी म्हटलं, बघून येऊ झोपली का. पडद्यापाशी अडवलं. ‘आई आहे माझी’ म्हटल्यावर त्या पोरीनं सोडलं. जाऊन बघतो तर सगळी बिझनेस क्लास आडवी. पांघरुणं ओढून लोकं गाढ झोपलेली. आणि त्यात माझी आई एकटी, एसटीत बसल्यासारखी ताठ. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, पट्टा घट्ट आवळलेला. पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून लोंबकळतायत. डोळे लाल.

म्हटलं, आई, झोपली नाहीस? तर कुजबुजली, ‘बाबा, इथं लई बटणं हायत. एखादं चुकीचं दाबलं आणि मोडलं तर तुझ्याकडं पैशे मागतील.’

पलीकडच्या जर्मन आजोबांचं बघून सीट आडवी होते एवढं तिला कळलं होतं. पण विचारायचं कुणाला आणि कुठल्या भाषेत? जेवण आलं तेव्हा पण नुसतं ‘नो, नो’ म्हणून परत पाठवलेलं. हवाई सुंदरीला वाटलं आजींना भूक नाही. मी बटण दाबलं, सीट हळूहळू आडवी झाली. आईनं काय करावं? झोपली नाही. पाय वर घेतले आणि झकास मांडी घातली. म्हणाली, ‘हे आधी सांगायचं न्हाई का रे.’ मग पर्समधली दशमी काढून मांडी घालूनच खाल्ली, आणि त्यानंतर जी झोपली ती मुंबईचे दिवे दिसेपर्यंत.

म्हणून म्हणतो ताई, एकट्यांना पुढं पाठवू नका. साहेब तुमचे बाजारात कितीही बोलत असतील, पण मागच्या वेळी नको असताना संडासात गेले हे तुम्हीच लिहिलंय. दोघं एकत्र, एकाच बाजूनं, आणि ती बाजू येतानाची. येतानाचं विमान बहुधा रात्रीचं असतं, आणि मुंबईत उतरल्यावर तुमचा प्रवास संपत नाही. सांगली अजून आठ तास. खंबाटकी चढताना गुडघा कसा असेल हे त्या रात्रीच्या झोपेवर ठरणार.

मिरज_जंक्शन

साताऱ्याच्या दादांनी छान लिहिलंय, पण मी थोडं थंड पाणी ओततो. माझं कामच ते, टॅक्सची प्रॅक्टिस आहे.

काकू, प्रीमियम इकॉनॉमीत रोखीने बसणार असाल तर मुळात तिथेच थांबायला काय हरकत आहे? सीट रुंद, पाय पसरायला जागा, पायाखाली टेकण. गुडघ्याला एवढं पुरतं. एव्हिऑस राहतील लेकीकडे, पुढच्या खेपेला होतील. बिझनेसची हौस आणि गुडघ्याची गरज यात गल्लत नको.

रोखीने वरचा वर्ग घेण्याचा विचार इकडून निघणाऱ्या प्रवासासाठी करणार असाल तर एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून इकॉनॉमी सोडून वरच्या वर्गांच्या भाड्यावर जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय. इकॉनॉमीला ५ टक्केच आहे.

आणि व्हीलचेअर सांगून ठेवा, वर्ग कुठलाही असू दे. तिला पैसे पडत नाहीत. काकांना लाज वाटेल, वाटू दे. हीथ्रोवर गेट केवढ्या लांब असतात हे तुम्हाला माहीतच आहे. तिकीट काढताना किंवा निदान ४८ तास आधी कळवायचं.

इस्लामपूर_ते_सिंगापूर

हा धागा आमच्याकडची मंडळीही वाचतील म्हणून इकडचं थोडक्यात. (हो, गावाचं नाव आता ईश्वरपूर झालं, आयडी जुना आहे.)

सिंगापूर एअरलाइन्सचे क्रिसफ्लायर माइल्स जमा झाल्यापासून तीन वर्षांनी जातात, मध्ये कितीही हालचाल करा. वहिनी म्हणतात ते असलं काहीतरी. इकॉनॉमी लाइट, म्हणजे सगळ्यात स्वस्त तिकिटावर माइल्सने अपग्रेड नाही, स्टँडर्ड किंवा फ्लेक्सी लागतं. लुफ्तान्सातही लाइटवर होत नाही. आणि एका कंपनीचे माइल्स दुसऱ्या कंपनीच्या विमानात अपग्रेडला वापरायचे, म्हणजे स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटातला प्रकार, त्याला इकॉनॉमीचं जवळजवळ पूर्ण भाड्याचं तिकीट लागतं. त्या किमतीत आमच्या इथला माणूस दोनदा गावी जाऊन येतो.

अजून एक. कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवायचे असतील तर आधी सीट आहे का ते बघा, मग वळवा. एकदा गेले की परत येत नाहीत. माझे ४०,००० एका कंपनीकडे असेच जाऊन बसलेत, आणि मला हव्या त्या तारखेला तिथं सीट कधीच नसते.

ताई, बुकिंग मात्र लेकीनेच करू दे, कंपनीच्या साइटवर, तिच्या लॉगिनमधून. एजंटाकडून काढलेल्या तिकिटाला हात लावायचा म्हटलं की कंपनी एजंटाकडे बोट दाखवते आणि एजंट कंपनीकडे.

विश्रामबागकर

सगळ्यांचे मनापासून आभार. साताऱ्याच्या दादा, तुमच्या आईंचं ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, ‘बरोबर केलं त्यांनी. मोडलं असतं तर?’ तेव्हा एकट्याने पाठवायचा विषय तिथेच बंद.

तिकिटं काढली नव्हती, सुटलो. काल रात्री लेकीला व्हिडिओ कॉलवर सगळं सांगितलं. एक पायरीची गोष्ट तिलाही माहीत नव्हती. साइटवर प्रत्येक वेळी प्रीमियमच का दाखवतंय म्हणून ती वैतागलीच होती. मिरजेच्या भाऊंचं म्हणणंही पटतं, पण प्रीमियममध्ये सीट पूर्ण आडवी होत नाही ना? डॉक्टरांनी ह्यांना पाय हृदयाच्या पातळीला ठेवून झोपा म्हणून सांगितलंय, सूज त्यानेच उतरते.

आता दोन शंका. लेकीने आणि जावयांनी त्या कंपनीचं ‘हाउसहोल्ड’ खातं केलंय म्हणे, दोघांचे एव्हिऑस एकत्र. त्यातून आमच्यासाठी वापरता येतात का? आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बिझनेसमध्ये एव्हिऑसवाल्या दोन सीट दिसतच नाहीत, एकच दिसते. तिसऱ्या आठवड्यात दोन आहेत. पण दुसऱ्या आठवड्यात गणपती. चौदा तारखेच्या आत घरी पोचायला हवं, नाहीतर मूर्ती कोण आणणार?

साताऱ्याचा_मशिनवाला

हाउसहोल्ड खात्यातून घरातल्यांना चालतं, घराबाहेरच्यांची वेगळी यादी असते. त्या यादीत तुम्हा दोघांची नावं लेकीनं आधी घालायची. पासपोर्टवर जसं नाव आहे तसंच, नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं इकडं-तिकडं नको. हे आजच करायला सांगा.

सीटांचं असं असतं: एव्हिऑसवर द्यायच्या सीट कंपनी उड्डाणाच्या ३५५ दिवस आधी उघडते. पहिल्यांदा थोड्या ठरलेल्या, मग विमान कसं भरतंय ते बघून अधूनमधून आणखी सोडते. हिवाळ्यात लंडनला मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडं पहाटेचे साडेपाच. आमच्यासारखे येडे त्या वेळेला उठून बसतात, घरच्यांना वाटतं काकड आरतीला निघालाय. तुमची तारीख ३५५ दिवसांच्या आत आली म्हणजे पहिला लोट गेलाय, आता रोज डोकावत राहायचं. लोक रद्द करतात, सीट परत येतात. जावयांना लावा कामाला.

पण दोन सीट डोळ्यांनी दिसेपर्यंत प्रीमियमचं रोख तिकीट काढू नका. ‘काढून ठेवू, मग होईल’ म्हणत मी तीनदा फसलोय. आणि गणपतीसाठी म्हणाल तर दहा तारखेच्या अलीकडचंही बघा. लेकीजवळ चार दिवस कमी, पण मूर्तीला वेळेत.

झोपण्याबद्दल तुमचं बरोबर. प्रीमियमची सीट मागं रेलते, आडवी होत नाही. मिरजेचे भाऊ हिशेबाला पक्के, गुडघा त्यांचा नाही एवढंच.

मिरज_जंक्शन

गुडघा माझाही आहे, फक्त अजून बदललेला नाही. पाय आडवा ठेवायला डॉक्टरांनी सांगितलं असेल तर माझा मुद्दा मागे. व्हीलचेअरचा मात्र मागे नाही.

विश्रामबागकर

सीट मिळाल्या! आठ तारखेच्या रात्रीच्या, दोन. जावई ऑफिसात बसून दर तासाला बघत होते, परवा दुपारी अचानक उघडल्या. जाताना साधी इकॉनॉमी (बेसिक नाही, विचारून घेतलं), येताना प्रीमियम आणि वरची पायरी एव्हिऑसने. यादीत नावं आधीच घातली होती. ह्यांचं मधलं नाव पासपोर्टवर वेगळं आहे ते लेकीच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, किती बसले? म्हटलं, माइल्स. म्हणाले, माइल्सचे किती? आता काय सांगू.

सीट कुठल्या घ्यायच्या ते तेवढं सांगा. लेक म्हणते खिडकीच्या घे, बाबांना खिडकी आवडते.

साताऱ्याचा_मशिनवाला

थांबा, खिडकी लगेच घेऊ नका. आधी त्या विमानाचा सीटचा नकाशा उघडायला सांगा आणि बिझनेसच्या एका रांगेत किती सीट आहेत त्या मोजा.

एक-दोन-एक अशी मांडणी दिसली तर ती नवी क्लब सूट, २०१९ पासून यायला लागलेली. सीटला सरकतं दार असतं आणि प्रत्येकाला उठून थेट वाटेवर येता येतं. मग खिडकी घ्या खुशाल. पण मग तुम्ही दोघं एकमेकांच्या मागं-पुढं येता. शेजारी बसायचं तर मधल्या दोन घ्या.

दोन-चार-दोन किंवा दोन-तीन-दोन दिसलं तर ती जुनी मांडणी. त्यात निम्म्या सीट उलट्या तोंडाच्या असतात, आणि खिडकीवाल्याला उठायचं झालं तर वाटेकडच्या माणसाचे पसरलेले पाय ओलांडावे लागतात. अंधारात, झोपेत, वाटी बदललेल्या पायानं. तशी असेल तर साहेबांना वाटेकडची, खिडकी तुम्हाला. ओलांडायचंच झालं तर तुम्ही ओलांडा, तुम्ही कुठंही झोपता म्हणालात.

सीट आधी निवडायची तर बिझनेसलाही पैसे घेतात, २४ तास आधी चेक-इन उघडलं की फुकट. एरवी मी थांबा म्हटलं असतं, पण तुम्हाला ठराविक सीट लागणार आहे. द्या ते पैसे. साहेबांना सांगू नका.

आणि विमानात बसल्या बसल्या, पट्टा बांधायच्या आधी, ती बटणं कशाची आहेत ते विचारून घ्या.

विश्रामबागकर

नकाशा बघितला. एक-दोन-एक आहे. मधल्या दोन घेतल्या. बटणांचं ह्यांनी स्वतःच लिहून घेतलंय, अडतीच्या डायरीत, हळदीच्या भावांच्या खाली.